आत्यानं धुतलेल्या रेकॉर्डी

माझ्या आत्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिला थोडा अभिमानही वाटायचा. "गाणं लागलं की मला एवढंच कळतं," ती म्हणायची, "की आता बोलायचं नाही."

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. बाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. 'थोडे दिवस' म्हणून ठेवलं होतं. ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. आत्यानं लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वेळच मिळाला नाही, हात ओले होते."

हात ओले असायचे हे खरंच होतं. ती एका दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत काम करायची. तिथं ना खिडकी, ना खुर्ची. एक ओटा, एक नळ आणि एक यंत्र. पुढच्या खोलीत वापरलेली हत्यारं ट्रेमधून मागे यायची, आत्या ती धुवायची, उकळायची, पाकिटात बंद करायची आणि ट्रे परत पुढे जायचा. तीस वर्षं. पेशंट डॉक्टरीणबाईंचे आभार मानून घरी जायचे. मागच्या खोलीत कोणी आहे हे त्यांना ठाऊकही नसायचं, आणि आत्याचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

ते यंत्र म्हणजे स्टीलची एक टाकी होती. लांबी फूटभर, रुंदी वीतभर. तिच्यात पाणी भरून बटण दाबलं की पाणी इतक्या बारीक थरथरायचं की डोळ्याला दिसायचं नाही. कानाला फक्त सूं असं काहीतरी लागायचं, शेजारच्या घरात कुणीतरी दातओठ खातंय तसं. त्या थरथरीनं पाण्यात लाखो बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि जिथं ब्रशचा केससुद्धा पोचत नाही तिथली घाण ओढून काढतात. लहानपणी आत्यानं मला हे दाखवलं होतं. तिनं चांदीच्या कागदाचा, म्हणजे डबा गुंडाळायच्या फॉइलचा, तुकडा पाण्यात धरला. मिनिटाभरानं बाहेर काढला तर त्याला सुईनं टोचल्यासारखी भोकं पडली होती. मी घाबरून दोन्ही हात पाठीमागे लपवले. आत्या म्हणाली, "बरोबर. चालू असताना बोट घालायचं नाही. एवढं लक्षात ठेवलंस तर बाकी ते गरीब गाय आहे."

ती एकोणसाठ वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला. सगळ्यांना म्हणाल्या, जे हवं ते घेऊन जा. कुणी फ्रीज नेला, कुणी बाकडी नेली. आत्या म्हणाली, "मला ते डबडं द्या."

घरी आणल्यावर त्या डबड्यात आमचे चष्मे, कंगवे, नळाच्या जाळ्या, माझ्या कानातली, मग शेजारणींच्या कानातली, असं सगळं धुऊन निघालं. वर्षभरात इमारतीत धुवायचं काही शिल्लक राहिलं नाही. आत्याचे हात कोरडे पडले आणि ती चिडचिड करायला लागली.

आणि मग तो नळ.

स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली पाणी ठिबकत होतं. प्लंबर म्हणाला होता गुरुवारी येतो. आत्याला मंगळवारीच राहवेना. तिनं पाना घेतला, ओट्याखाली शिरली आणि नट आवळला. ठिबकणं थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले (मी मुलांना गणित शिकवते) आणि आत्या बँकेत गेली. ती परत आली तेव्हा पाणी दाराखालून जिन्यात आलं होतं. जास्त आवळल्यामुळे नळाचा जोडच चिरला होता. दोन तास पाणी वाहत होतं, आणि त्यातलं निम्मं खालच्या घराच्या छतातून झिरपून गेलं होतं.

आमच्या खाली मास्तर राहायचे. व्हायोलिन शिकवायचे, वय चौऱ्याहत्तर, सोबत मास्तरीणबाई. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीला उघडं कपाट होतं, आणि त्यात तीनशे बारा रेकॉर्डी. पाणी नेमकं त्या भिंतीवरून उतरलं. नुसतं पाणी असतं तरी एक वेळ बरं, पण छताचा चुना आणि जुन्या पाइपचा गंज घेऊन ते आलं होतं. कागदी कव्हरं भिजून एकमेकांना चिकटली होती. आतल्या काळ्या तबकड्यांवर पांढरट चिखलाचा थर बसला होता.

आत्या मास्तरांच्या दारात उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी शाळेतून आले तेव्हा ती तिथंच उभी होती, पाणी बंद करायला उचललेला पाना अजून हातात.

"मास्तर, माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "प्लंबरच्या नाही. माझ्या."

मास्तरांनी एक रेकॉर्ड उचलली, उजेडाकडे तिरकी धरली, आणि परत ठेवली. बोलल्या त्या मास्तरीणबाई. "चाळीस वर्षं सांगतेय, ह्या कपाटात मला पांघरुणं ठेवायचीत. शेवटी वरूनच हुकूम आला."

मास्तर हसले. आत्याला मात्र रडू कोसळलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला सोसलं असतं.

दोन दिवस आम्ही तिघी कव्हरं सोडवत होतो. गच्चीवर, जिन्याच्या कठड्यावर, आमच्या खुर्च्यांच्या पाठींवर कव्हरं वाळत होती. मास्तरांनी एक रेकॉर्ड ओल्या फडक्यानं पुसून लावून पाहिली. सुईखालून असा आवाज आला, जसं कुणी वाळक्या पानांवर चालतंय. ते म्हणाले, "बारीक रेघांत चुना जाऊन बसलाय. फडकं वरूनच फिरतं. आत कोण जाणार?"

आत्यानं मान वर केली. "आत जाणारं माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी कपाटातली सगळ्यात नकोशी रेकॉर्ड काढून दिली. "मेहुण्यानं दिलेली आहे. हिच्यावर हवे ते प्रयोग करा."

आणि आत्यानं ते केले. दवाखान्यात हत्यारं साठ अंशांच्या पाण्यात धुवायची सवय; तिनं तसंच कढत पाणी भरलं आणि रेकॉर्ड अर्धी बुडवून हातानं फिरवत राहिली. दहा मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा ती कडेनं अळूच्या पानासारखी वाकली होती, आणि मधला कागदी शिक्का सुटून पाण्यात तरंगत होता. चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात हात दाखवून झालं होतं, आता इथं अवलक्षण. ती तशीच वाकडी रेकॉर्ड घेऊन खाली गेली.

मास्तरांनी ती बोटावर फिरवून पाहिली. "स्वच्छ मात्र झालीय," ते म्हणाले. "मेहुण्याला कळवू नका."

या एका वाक्यासाठी आत्यानं त्यांना कायमचं मानलं. नंतर तिनं मला सांगितलं, "त्या दिवशी त्यांनी 'राहू द्या ताई' म्हटलं असतं ना, तर मी पुन्हा त्यांच्या दारात गेले नसते."

ते 'राहू द्या' म्हणाले नाहीत, म्हणून ती कामाला लागली. दवाखान्याचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचा, त्याला तिनं बोलावलं. त्याला सगळे कॉम्प्रेसरवालाच म्हणायचे. दुकानाच्या काचेत घड्याळं गोल फिरवत ठेवायला एक छोटी मोटर असते, तशी एक त्याच्या भंगारात होती. मिनिटाला एखादा फेरा, त्याहून जास्त नाही. ती त्यानं टाकीच्या कडेवर बसवली आणि आडवा दांडा लावला. त्या दांड्यात रेकॉर्ड उभी अडकवायची, म्हणजे तिचा खालचा भाग पाण्यात आणि मधला शिक्का पाण्याच्या वर. मी कागदावर हिशेब मांडला: शिक्का कोरडा ठेवून सगळ्या रेघा भिजवायच्या तर रेकॉर्ड साडेनऊ सेंटिमीटर बुडवायला हवी, आणि तेवढी बुडवल्यावर पाण्यातली तिची रुंदी अठ्ठावीस सेंटिमीटर होते. टाकी तीसची. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती. आयुष्यात शिकलेली भूमिती मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली, आणि आत्यानं त्या कागदाला टाचणी मारून तो भिंतीवर लावला.

शिंतोडे शिक्क्यावर उडू नयेत म्हणून दोन स्टीलच्या बशांना बरणीच्या झाकणाच्या रबरी चकत्या लावून त्या दोन बाजूंनी आवळल्या. पाणी शुद्ध केलेलं, क्षाराचा कण नसलेलं, आणि त्यात साबणाचा एकच थेंब. पाणी कोमटाच्या वर जाऊ द्यायचं नाही. यंत्र चालू असताना ते आपोआप तापतं, म्हणून दहा मिनिटं चालवायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग दुसऱ्या पाण्यातून काढायची आणि ताटं निथळायच्या स्टँडवर उभी करायची.

दुसरी रेकॉर्ड सरळच्या सरळ बाहेर आली. टाकीच्या तळाशी करडा गाळ बसला होता. आत्या त्या गाळाकडे अशी बघत होती, जशी एखादी आई बाळाच्या पहिल्या दाताकडे बघते.

तिनं रोजच्या दोन ठरवल्या. रविवारी सुट्टी. सकाळी धुवायच्या आणि वाळल्या की नव्या पांढऱ्या कागदात घालून, जुनं कव्हर इस्त्री केल्यासारखं सपाट करून, खाली नेऊन द्यायच्या. महिनाभर ती दारातूनच देऊन परत यायची. एके दिवशी मास्तरांनी अडवलं.

"ताई, धुतलेलं पातेलं तुम्ही बोट फिरवून बघता ना?"

"बघते की."

"मग धुतलेली रेकॉर्ड ऐकून बघायला नको?"

"मला त्यातलं काय कळणार!"

"स्वच्छ आहे की नाही तेवढं सांगा. ते तर कळतं ना?"

आत्या खुर्चीच्या टोकावर बसली, डॉक्टरांकडे बसतात तशी. मास्तरांनी सुई टेकवली. आत्या पहिल्या दिवशी खरोखर फक्त खरखर ऐकत होती. कुठं काही टकटकलं की बोट वर करायची. "इथं राहिलंय. उद्या परत घालते." तिचा कान तीस वर्षं त्या डबड्याचा सूं ऐकून इतका तयार झाला होता की मास्तरांना जे ऐकू यायचं नाही ते तिला यायचं. हळूहळू टकटक कमी झाली आणि बोट वर करायला काही उरेना. मग तिला नाइलाजानं संगीत ऐकावं लागलं.

तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे जे घोगरं वाजतंय ते काय? हा मध्येच थांबला का, विसरला का? मास्तर चाळीस वर्षं शिकवत होते, पण एवढे प्रश्न त्यांना कुणी विचारले नव्हते. मास्तरीणबाई आतून ओरडायच्या, "चहा गार होतोय, तुमचा तास संपू दे एकदाचा."

चौथ्या महिन्यात एक साधीशी रेकॉर्ड निघाली. लहान मुलांच्या गोष्टींची. कव्हरवर कोल्हा आणि विहीर. आत्यानं ती धुतली, खाली नेली. मास्तरांनी ती लावली आणि बाजूला उभे राहिले. एरवी ते बसायचे. कुणी एक बाई गोष्ट सांगत होती. गोष्टीच्या मध्ये मध्ये थोडं संगीत यायचं.

"हे व्हायोलिन छान आहे," आत्या म्हणाली. "घाई नाही त्याला."

"मी आहे तो," मास्तर म्हणाले.

आत्यानं कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. "तुमचं नाव कुठाय?"

"नाव नाही. आम्ही चौघे होतो, भाड्याने बोलावलेले. सकाळी जायचं, वाजवायचं, दुपारी घरी. नाव बाईंचं."

आत्यानं कव्हर खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण मागच्या खोलीतलेच."

तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. गोष्ट थांबली होती, बासरी सुरू व्हायची होती, आणि त्याच्या आधी एक आवाज आला. छोटा, ओढून घेतलेला श्वास. मास्तरांनी सुई उचलली, मागे नेली, परत टेकवली. पुन्हा तोच श्वास, आणि मग बासरी.

ते खाली बसले. "हा तो," ते म्हणाले. "आमचा बासरीवाला. स्टुडिओत सगळे त्याच्यावर ओरडायचे, अरे श्वास हळू घे, माइकमध्ये जातो. तो म्हणायचा, मेल्यावर हळू घेईन." मग म्हणाले, "जाऊन एकोणीस वर्षं झाली. ही रेकॉर्ड माझ्याकडे पहिल्यापासून आहे, ताई. पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी पडायच्या आधीसुद्धा नाही. तेव्हाही त्यावर वर्षांची धूळ होतीच."

मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याच्या मुलीला बोलवा."

मुलगी दुसऱ्या आठवड्यात आली. मुलगी म्हणजे पंचेचाळिशीची बाई. बसच्या तिकिटखिडकीवर काम करायची, कामावरून थेट आली होती, गणवेशातच. तिच्याकडे वडिलांच्या वाजवण्याचं काही नव्हतं. घरात एक कॅसेट होती ती भावंडांच्या भांडणात गेली, असं तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं, बासरी ऐकवायला बोलावलंय. मास्तरांनी तिला आधी काही सांगितलं नाही.

श्वास आला आणि ती दचकून दाराकडे वळली.

बासरी वाजून गेली, गोष्ट पुढं सरकली. ती म्हणाली, "बाबा जिना चढून यायचे ना, तेव्हा दाराबाहेर असाच श्वास घ्यायचे. आणि मग मला हाक मारायचे. मला वाटलं, आता हाक येणार."

तिनं तेवढाच तुकडा तीन वेळा ऐकला. चौथ्यांदा नको म्हणाली. "झिजेल," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळून पाया पडायला वाकली, तर मास्तर मागे सरले.

"मी नाही. या ताईंनी काढला तो बाहेर."

ती आत्याकडे आली. आत्या गडबडली. तिचे आयुष्यात कुणी असे आभार मानले नव्हते; काय करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. "अगं, मी फक्त धुतलं," ती म्हणाली. मुलीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. पाण्यानं सुरकुतलेले, बोटांच्या टोकांना भेगा पडलेले. बराच वेळ तिनं ते सोडले नाहीत आणि आत्यानंही सोडवून घेतले नाहीत.

वर येताना जिन्यात आत्या मध्येच थांबली. मला वाटलं धाप लागली. "तुला एक सांगू," ती म्हणाली. "दवाखान्यात हजारो माणसांचं दुखणं थांबलं असेल. त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नव्हतं."

सात महिन्यांत सगळ्या रेकॉर्डी झाल्या. चार वाचल्या नाहीत. तीन वाकल्या होत्या आणि एकीला तडा होता. मेहुण्याची धरून पाच. कपाट परत भरलं, या वेळी दुसऱ्या भिंतीला, आणि मास्तरीणबाईंना पांघरुणांसाठी जुनी भिंत मिळाली. त्यामुळे त्या आमच्यावर सगळ्यात जास्त खूश होत्या.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी आम्हाला, कॉम्प्रेसरवाल्याला आणि बासरीवाल्याच्या मुलीला चहाला बोलावलं. ते भाषणासाठी उभे राहिले. मास्तरांना बोलायची सवय नाही, त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, पण चष्मा सापडेना, आणि तो कपाळावर आहे हे कुणी सांगायच्या आत ते कागद ठेवून म्हणाले, "ताईंनी माझं घर भिजवलं, त्याबद्दल त्यांचा मी आभारी आहे." सगळे हसले. मग ते म्हणाले, "माझा मित्र मला परत दिला. एवढंच."

आत्या उठली. मला धास्ती वाटली. ती कधी चार माणसांत बोललेली मी पाहिली नव्हती. "मास्तर," ती म्हणाली, "चूक माझी होती. तुम्ही मला ओरडला नाहीत, वर खुर्ची दिलीत. साठाव्या वर्षी मला कान फुटले. लोकांना पालवी फुटते, मला कान." आणि ती बसली.

त्याला आता सहा वर्षं झाली. लोकांच्या कानावर गेलं तसे ते आपल्या रेकॉर्डी घेऊन येतात. कुणाच्या माळ्यावरच्या, कुणाच्या आजोबांच्या. आत्याचे नियम ठरलेले आहेत: एका वेळी सहाच, घाई चालणार नाही, आणि न्यायला येईल त्यानं आमच्याकडे बसून निदान एक बाजू ऐकायची. काहीजण घड्याळाकडे बघत बसतात. बरेचजण दुसरी बाजूही लावायला सांगतात. जुन्या, जड, पटकन फुटणाऱ्या तबकड्या ती आता नुसत्या पाण्यानं, बोटांनी धुते. त्या वेगळ्या मालाच्या असतात हे ती मास्तरांकडून शिकली. बासरीवाल्याची मुलगी महिन्यातून एकदा येते. तिला घरी प्लेअर घे म्हटलं तर म्हणते, नको, मग इथं यायला कारण राहणार नाही.

मला नऊ वर्षांची असताना या बाईच्या घरी आणून सोडलं, याबद्दल मी कुणाचे आभार मानू हे मला कधी कळलं नाही. वडिलांचे म्हणावेत तर ते संकोचतात. आत्याला सांगायला गेले तर ती म्हणते, "पुरे, ते स्टँड आण इकडे." म्हणून मी स्टँड आणून देते.

गेल्या रविवारी दुपारी मी खाली गेले. मास्तरांनी काहीतरी लांबलचक लावलं होतं. मास्तरीणबाई मटार सोलत होत्या. आत्या खुर्चीत पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर. मला वाटलं डुलकी लागली. मी वाकून हळूच विचारलं, "आत्या, झोपलीस का?"

"गप्प," ती डोळे न उघडता म्हणाली. "आता सारंगी येतेय."